रस्त्यावरच्या एका मिलिमीटरची किंमत

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावाहून खेड्याकडे जाऊ लागले की, शिवेच्या अलीकडे, बहुधा बाभळीच्या आडोशाला, एक लोखंडी फलक उभा असलेला दिसतो. त्यावर कामाचे नाव, 'किलोमीटर ०/०० ते १/०० मध्ये डांबरीकरण करणे' असा दप्तरी मजकूर, मक्तेदाराचे नाव आणि अंदाजित रक्कम एवढा तपशील रंगवलेला असतो. जाणारे-येणारे लोक त्यातील मक्तेदाराचे नाव प्रथम वाचतात, रक्कम त्यानंतर वाचतात, आणि या दोहोंच्या संयोगातून कोणी किती खाल्ले असावे याचा स्वतःपुरता निवाडा करून पुढे चालू लागतात. परंतु ती रक्कम मुळात आली कोठून, ती अमुकच का, दुप्पट किंवा निमपट का नाही, हा प्रश्न त्या फलकापुढे थांबून क्वचितच कोणी विचारला असेल. वास्तविक ते गणित मराठी चौथीत शिकवल्या जाणाऱ्या लांबी, रुंदी आणि जाडी यांच्या गुणाकाराहून फारसे निराळे नाही. त्यातील सगळी खुबी एवढीच आहे की, या तीन मापांपैकी जी दोन सर्वांना दिसतात ती रकमेच्या दृष्टीने गौण ठरतात, आणि जे तिसरे रस्ता तयार झाल्यावर कोणाच्याही दृष्टीस पडत नाही तेच सगळा हिशेब फिरवते.

आरंभी शब्दांचा थोडा उलगडा करणे अवश्य आहे. आपण ज्याला सरसकट 'डांबर' म्हणतो त्या नावाखाली दोन भिन्नकुलीन पदार्थ नांदतात. एक दगडी कोळशाच्या विघटनातून निघणारे, उग्र वासाचे खरे कोळसा-डांबर. कपड्यांच्या पेटीतील डांबराच्या गोळ्या त्याच घराण्यातल्या आणि त्यांचे नावही त्यावरूनच पडलेले. दुसरे म्हणजे खनिज तेलातील हलके अंश ऊर्ध्वपातनाने काढून घेतल्यावर तळाशी उरणारा काळा, चिकट, जड गाळ, ज्याला अभियंते बिटुमेन म्हणतात. आज रस्त्यावर पडते ते हे दुसरे. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाच्या भिंतींतून पाणी झिरपू नये म्हणून तेथील गवंड्यांनी जो थर दिला होता तोही नैसर्गिक बिटुमेनचाच होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या पदार्थाशी आपल्या उपखंडाचा परिचय किती जुना आहे हे कळून येते. तथापि रस्त्यावर त्याची गरज भासली ती मोटारीमुळे. स्कॉटलंडच्या मॅकॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फोडलेल्या खडीचे थर दाबून रस्ता करण्याची जी पद्धत रूढ केली, ती बैलगाडीला आणि घोड्याच्या टापांना पुरेशी होती. परंतु रबरी धावांच्या जलद वाहनांनी खडीच्या फटींतील बारीक कच शोषून उधळून लावण्यास सुरुवात केली, रस्ता उकलू लागला आणि प्रवासी धुळीने माखू लागले. त्या धुळीवर आणि त्या उकलण्यावर उपाय म्हणून खडीला डांबराने बांधून टाकण्याची युक्ती निघाली. आपल्याकडे या नव्या खर्चाची तजवीज कशी करावी याचा विचार १९२७ साली नेमलेल्या ज्या समितीने केला, तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा कर बसवून तो रस्त्यांसाठीच राखून ठेवावा, ही त्या समितीच्या शिफारशीतून अमलात आलेली योजना होय. म्हणजे रस्ता झिजवणाऱ्यानेच रस्त्याचे पैसे द्यावेत हा न्याय.

आता मूळ गणिताकडे वळू. उदाहरणादाखल एक किलोमीटर लांबीचा, ३.७५ मीटर रुंदीचा, म्हणजे एका वाहनाच्या मार्गाचा रस्ता घेऊ, आणि त्यावर ३० मिलिमीटर जाडीचा 'बिटुमिनस काँक्रीट' या नावाने ओळखला जाणारा उत्तम प्रतीचा वरचा थर द्यावयाचा आहे असे धरू. क्षेत्रफळ ३,७५० चौरस मीटर. त्याला ०.०३ मीटर जाडीने गुणले की ११२.५ घनमीटर आले. परंतु हा माल घनमीटरांनी कोणी विकत नाही. तो हॉटमिक्सच्या कारखान्यातून टिपरमध्ये भरून, वजनकाट्यावर चढवून, टनांच्या हिशेबाने येतो. म्हणून घनफळाचे वजन करावे लागते. दाबून बसलेल्या या मिश्रणाचा एक घनमीटर सुमारे २.४ टन भरतो, तेव्हा आपल्या रस्त्याला २७० टन माल लागेल. दहा टनी गाडीच्या २७ खेपा.

हा २.४ चा आकडा हवेतून काढलेला नसतो. अमेरिकेतील मिसिसिपी संस्थानच्या रस्ते-खात्यात काम करणाऱ्या ब्रूस मार्शल यांनी १९३९च्या सुमारास बसवलेली चाचणी आजही आपल्या प्रयोगशाळांत नित्य चालते. सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाच्या साच्यात गरम मिश्रण भरून, साडेचार किलोचा हातोडा सुमारे एक हात उंचीवरून दोन्ही बाजूंनी प्रत्येकी पंचाहत्तर वेळा पाडतात. तयार झालेली वडी थंड झाल्यावर ती एकदा हवेत आणि एकदा पाण्यात तोलतात आणि आर्किमिडीजच्या नियमाने तिची घनता काढतात. दख्खनच्या पठारावरचा आपला काळा पाषाण मुळातच जड. पाण्याच्या पावणेतीन-तीन पट. त्यामुळे आपल्याकडे ही घनता २.४ च्या किंचित वरही जाते, आणि परदेशी पुस्तकातील चुनखडीच्या खडीचा आकडा उचलून येथे लावणारा नवखा मनुष्य टनांच्या हिशेबात उणा पडतो.

येथवर सर्व सरळ आहे. परंतु आता प्रत्येक मापात एका मिलिमीटरची चूक झाली तर काय होईल, हे पाहण्यासारखे आहे. लांबीत एक मिलिमीटर चुकला तर काहीच होत नाही. पुरता एक मीटर चुकला तरी अवघा २७० किलो माल कमीजास्त होतो. रुंदीत एक मिलिमीटर चुकला तर अख्ख्या किलोमीटरभर मिळून ७२ किलो. पाणी निथळून जावे म्हणून रस्त्याला मधोमध जो उंचवटा ठेवतात, त्या ४० ला १ या उतारामुळे पृष्ठभाग सपाट नकाशातल्यापेक्षा किंचित रुंद होतो, अशी शंका एखादा चिकित्सक वाचक काढील. ती वाढ ३.७५ मीटर रुंदीमागे जेमतेम एक मिलिमीटर भरते, म्हणून तिचा विचार कोणी करत नाही आणि करू नये. पण जाडीत एक मिलिमीटर चुकला तर? ३,७५० चौरस मीटरांवर पसरलेला तो एक मिलिमीटर ३.७५ घनमीटर होतो, म्हणजे पूर्ण नऊ टन. रुपयाच्या नाण्याहूनही पातळ असा हा पापुद्रा जवळजवळ एक अख्खी गाडी गिळून बसतो. म्हणूनच ज्याला अंदाजपत्रक तपासावयाचे आहे त्याने फीत घेऊन लांबी-रुंदी मोजत बसण्यात सकाळ घालवू नये. ती मापे मक्तेदारही प्रामाणिकपणे देतो, कारण ती कोणालाही मोजता येतात.

जाडीची ही गोष्ट कागदावरच्या चुकीपुरती मर्यादित असती तरी एक वेळ भागले असते. खरी अडचण जुन्या रस्त्याच्या रूपाने जमिनीवर पसरलेली असते. नवा थर ज्या पृष्ठभागावर द्यावयाचा तो काचेसारखा सपाट आहे असे अंदाजपत्रक गृहीत धरते. प्रत्यक्षात तेथे चाकोऱ्या पडलेल्या असतात, पाइपलाइनसाठी कोणीतरी केव्हातरी आडवा चर खणून बुजवलेला असतो, मोरीपाशी खचलेले असते आणि शाळेपुढे तीन गतिरोधकांचे अवशेष असतात. वरचा पृष्ठभाग समपातळीत आणावयाचा म्हटल्यावर प्रत्येक खळग्यात जास्तीचा माल उतरतो, आणि उंचवट्यावर मात्र किमान जाडी ठेवावीच लागते. परिणामी सरासरी जाडी नेहमी वरच्या बाजूलाच चुकते, खालच्या बाजूला कधीच नाही. सरासरी केवळ ५ मिलिमीटरची भर पडली तरी आपल्या किलोमीटरला ४५ टन अधिक लागतात. २७० चे ३१५ होतात. शहाणा अभियंता म्हणून आधी लेव्हलचे यंत्र लावून दर दहा-पंधरा मीटरांवर मध्यभागी आणि दोन्ही कडांना पातळ्या घेतो, आणि खळगे भरण्याचा माल 'पृष्ठभाग सुधारणा' अशा स्वतंत्र बाबीखाली दाखवतो. ज्याला घाई असते तो टेबलावर बसून सरधोपट पाच टक्के वाढ धरतो. माझ्या परिचयाचे एक निवृत्त ओव्हरसियर म्हणत की, ज्या अंदाजपत्रकात ही बाब नाही ते वाचण्यापूर्वीच परत पाठवावे. त्यांच्या स्वभावातला हा कडकपणा खात्यात फारसा लोकप्रिय नव्हता.

जाडीचाच आणखी एक फसवा अवतार आहे. यंत्राने पसरलेला माल रोलर फिरण्यापूर्वी भुसभुशीत असतो, आणि दाबल्यावर तो पंचमांश ते चतुर्थांश इतका बसतो. म्हणजे दाबून ३० मिलिमीटर हवे असतील तर पसरताना ३७ ते ४० मिलिमीटर ठेवावे लागतात. जुने मुकादम एका सळईला खाच पाडून ठेवत, गरम मालात ती खुपसत, आणि खाचेपर्यंत बुडाली तरच मान हलवत. हे मर्म न कळल्यामुळे गृहनिर्माण संस्थांचे सचिव आपल्या आवारातील रस्ता करून घेताना हमखास फसतात. ते गाडीचा हौदा मोजून 'इतके घनफूट माल आला' असे लिहून ठेवतात, आणि दाबल्यावर तेवढे घनफूट रस्त्यात सापडत नाहीत म्हणून भांडण होते. हौद्यातले घनफूट आणि रस्त्यातले घनफूट ही निराळी मापे आहेत. वजन तेवढे दोन्हीकडे एकच राहते. त्यात आपल्याकडे 'ब्रास' नावाचे माप आहेच. खडी-वाळूच्या बाबतीत ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. फरसबंदीच्या बाबतीत तोच शब्द शंभर चौरस फुटांसाठी वापरतात. एकाच सभेत दोघे जण दोन अर्थांनी हा शब्द वापरत असल्याचे मी ऐकले आहे, आणि दोघांनाही आपले पटल्यासारखे वाटत होते.

आता या २७० टनांच्या पोटात शिरू. बिटुमिनस काँक्रीटमध्ये वजनाने सुमारे ५.४ टक्के डांबर असते. बाकीचा सारा भाग निरनिराळ्या आकारांची खडी, कच आणि पिठासारखी बारीक भुकटी. म्हणजे शुद्ध डांबर १४.५८ टन आणि दगड सुमारे २५५ टन. सुट्या खडीचा घनमीटर दीड टनाचा धरल्यास हा दगड सुमारे ६० ब्रास होतो. शिवाय जुना थर आणि नवा थर एकमेकांस चिकटावेत म्हणून मध्ये जो पातळ हात मारतात, ज्याला 'टॅक कोट' म्हणतात, त्याला चौरस मीटरमागे पाव किलो, म्हणजे सुमारे ९४० किलो डांबरी इमल्शन लागते. ग्रामीण रस्त्यांवर इतका श्रीमंत थर पुष्कळदा परवडत नाही. तेथे २० मिलिमीटर जाडीचा 'कारपेट' आणि त्यावर 'सीलकोट' देतात, आणि त्याचा हिशेब टनांनी न करता क्षेत्रफळावर करतात. कारपेटला दहा चौरस मीटरांमागे १४.६ किलो डांबर आणि वाळूमिश्रित सीलकोटला ६.८ किलो. या दराने आपल्या किलोमीटरला सुमारे ८ टन डांबर पुरते. साडेचौदाऐवजी आठ. हा फरक पहिल्या पावसाळ्यात जाणवत नाही, तिसऱ्यात जाणवतो.

रुपयांकडे येण्यापूर्वी अंतराचा विचार करावा लागतो, कारण रस्त्याच्या खर्चात पदार्थापेक्षा त्याचा प्रवास पुष्कळदा महाग पडतो. दगड खाणीतून कारखान्यापर्यंत, डांबर तेलशुद्धीकरण केंद्रातून कारखान्यापर्यंत आणि तयार मिश्रण कारखान्यातून कामापर्यंत असे तीन प्रवास. दप्तरी भाषेत या अंतराला 'लीड' म्हणतात. ट्रॉम्बेचे तेलशुद्धीकरण कारखाने १९५४-५५ पासून चालू असल्यामुळे ठाणे-रायगडच्या रस्त्याला डांबर दारातच मिळते. गडचिरोलीला तेच मुंबईहून आणावयाचे झाल्यास टँकरला नऊशे-हजार किलोमीटर धावावे लागते. खडीचे उलट आहे. देशावर कोठेही खणले तरी काळा दगड लागतो, पण दक्षिण कोकणात जांभा भरपूर असूनही तो मऊ आणि सच्छिद्र असल्याने या कामास कुचकामी ठरतो. तिसरा प्रवास पैशाइतकाच उष्णतेचा आहे. मिश्रण कारखान्यातून दीडशे अंशांच्या वर निघते आणि ते नव्वद अंशांपर्यंत उतरण्याच्या आत रोलरचे काम संपवावे लागते. म्हणून कारखाना फार दूर असेल तर तो कितीही स्वस्त असला तरी उपयोगाचा नाही. ताडपत्रीने झाकलेली गाडी घाटात अडकली की तीतला माल नुसता थंड होत नाही, तो वाया जातो.

आता दर. सार्वजनिक बांधकाम खाते आपली दरसूची प्रसिद्ध करते, आणि अंदाजपत्रकातील प्रत्येक बाब तीवरून बेतलेली असते. पण तेल कंपन्या डांबराच्या किमती महिन्याच्या १ आणि १६ तारखेला बदलत असल्यामुळे, मंजुरीच्या दिवशीचा दर आणि कामाच्या दिवशीचा दर यांची गाठ क्वचितच पडते. सरकारी करारात भाववाढीचे कलम ठेवतात ते याचसाठी. पुढील आकडे मी केवळ गणित दाखवण्यासाठी कल्पून घेतले आहेत. वाचकाने त्यांच्या जागी आपल्या गावचे, त्या दिवशीचे दर घालावेत. डांबर वाहतुकीसह टनास ५०,००० रुपये धरले तर १४.५८ टनांचे ७,२९,००० रुपये झाले. खडी ब्रासला ३,५०० रुपयांनी २,१०,००० रुपये. कारखान्यातील भाजणी, इंधन, गाड्या, पसरणी आणि दाबणी मिळून टनामागे १,५०० रुपयांनी ४,०५,००० रुपये. टॅक कोटचे ४७,००० रुपये. बेरीज १३,९१,००० रुपये. त्यावर मक्तेदाराचा वरखर्च व नफा मिळून वीस टक्के, आणि त्या सर्वांवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर धरला की रक्कम १९,७०,००० रुपयांच्या आसपास जाते. याखेरीज कामगार-कल्याण उपकर, चाचण्यांचा खर्च आणि अनपेक्षित बाबींची तरतूद असे किरकोळ धनको असतातच. बेरीज करताना ते विसरले जातात आणि देयक देताना आठवतात.

या रकमेत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, वजनाने विसाव्या हिश्श्याहून थोडेच अधिक असलेले डांबर मूळ खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग व्यापते. १३,९१,००० पैकी ७,२९,०००. आणि दुसरी ही की, ज्या एका मिलिमीटरला आपण नऊ टन म्हणालो त्याची किंमत आता साठ-पासष्ट हजार रुपये होते. रुंदीतल्या मिलिमीटरची किंमत त्याच हिशेबाने पाचशे. म्हणजे ज्या दोन राशी डोळ्यांना दिसत नाहीत, थराची जाडी आणि मिश्रणातील डांबराचे प्रमाण, त्यांतच बहुतेक सर्व पैसा दडलेला आहे. ५.४ टक्क्यांऐवजी ४.८ टक्के डांबर घातले तर रस्ता तितकाच काळा दिसतो आणि त्या काळेपणाआड ८१,००० रुपये वाचतात.

निविदांचा सांप्रतचा प्रघात या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. बी-१ या नमुन्याच्या निविदेत खात्याने काढलेली रक्कम मक्तेदारापुढे ठेवलेली असते आणि त्याने ती इतके टक्के जास्त किंवा इतके टक्के कमी दराने करतो एवढेच लिहावयाचे असते. स्पर्धा असली की लोक वीस-पंचवीस टक्के 'बिलो' जातात आणि वर्तमानपत्रांत शासनाची बचत झाल्याची बातमी येते. वरच्या गणितात मक्तेदाराचा वरखर्च आणि नफा मिळून मूळ खर्चाच्या वीस टक्के होते, म्हणजे करापूर्वीच्या रकमेचा जेमतेम सहावा हिस्सा. जो मनुष्य त्याहून खाली उतरून काम घेतो, त्याला एक तर खाण आणि कारखाना स्वतःचे असल्यामुळे दगड व भाजणी स्वस्त पडत असली पाहिजेत, आणि अशी उदाहरणे खरोखर असतात. नाही तर दरसूचीच फुगलेली असली पाहिजे, आणि अशीही असतात. या दोन्हींपैकी काहीच नसेल, तर उरलेली वाट त्या दोन अदृश्य राशींतून जाते. लांबी-रुंदीतून जात नाही, कारण तेथे गावातले पोरही पावले टाकून मोजू शकते.

ही वाट बंद करण्याची साधने खात्यापाशी आहेत. थंड झालेल्या थरातून दहा सेंटिमीटर व्यासाचा गोल तुकडा कापून काढून, त्याची जाडी पट्टीने आणि घनता तराजूने ठरवतात. द्रावकात डांबर विरघळवून चक्राकार फिरणाऱ्या भांड्यात दगड निराळे केले की, प्रमाणही हाती येते. परंतु ज्याच्यापाशी यंत्र नाही आणि अधिकारही नाही, त्यालासुद्धा चौथीचे गणित उलटे करून पुष्कळ काही कळू शकते. प्रत्येक गाडीबरोबर वजनकाट्याची चिठ्ठी येते. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाने, किंवा माहितीच्या अधिकाराने नकला मागवणाऱ्या ग्रामस्थाने, त्या चिठ्ठ्यांवरील निव्वळ वजनांची बेरीज करावी, रस्त्याचे क्षेत्रफळ २.४ ने गुणावे आणि या गुणाकाराने त्या बेरजेस भागावे. भागाकार मीटरमध्ये येईल, त्याला हजाराने गुणले की मिलिमीटर. आपल्या किलोमीटरच्या चिठ्ठ्यांची बेरीज २७० टनांच्या जागी २२५ टन भरली, तर ३,७५० गुणिले २.४ म्हणजे ९,०००, आणि २२५ भागिले ९,००० म्हणजे ०.०२५. अंदाजपत्रकात तीस लिहिले आहेत आणि रस्त्यात पंचवीस आहेत.